मुंबई-गोवा हायवे, मुंबई आणि गोवा वगळून

मुंबई-गोवा महामार्ग मुंबईत सुरू होत नाही आणि गोव्यात संपत नाही. त्या रस्त्यावर जन्म काढलेल्या आम्हा कोकणातल्या माणसांना हे ठाऊक असतं, पण त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नाही. महामार्ग सुरू होतो पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर. पूर्वी तो केरळात, कोचीच्या एडपल्लीला संपायचा. आता कन्याकुमारीला संपतो. मधे वाटेत गोवा लागतो, एवढं मात्र खरं.

पळस्पेच का, याचं उत्तर अगदी कारकुनी आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग म्हणून चार हा नंबर आधीच मिळालेला होता. तो ठाण्याहून मुंब्रा, शीळ फाटा करत पनवेलला यायचा आणि खंडाळ्याच्या घाटाकडे निघून जायचा. वाशीच्या खाडीवर पूल झाला तो १९७०च्या दशकात. त्याआधी मुंबईची गाडी ठाण्याला वळसा घालूनच पनवेल गाठायची. कोकणचा रस्ता या चार नंबरमधून जिथे फुटला, तिथे त्याचा शून्य किलोमीटर. एकाच डांबराला दोन नंबर कशाला द्यायचे, असा सरकारी विचार. त्यामुळे दादरला पिशव्या घेऊन गाडीत चढलेला माणूस घाम पुसत, डुलक्या काढत पनवेल ओलांडतो तेव्हा कुठे ‘मुंबई-गोवा’ रस्त्याला लागतो. तोवरचा सगळा प्रवास दुसऱ्याच्या रस्त्यावरून झालेला असतो.

दक्षिणेकडच्या टोकाची गोष्ट जास्त मोठी आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांचा होता. म्हणजे मुंबईकडून येणारी वाट बांद्यापाशी संपायची, पुढे पत्रादेवीला दुसरं राज्य. १५ ऑगस्ट १९५५ला गोवामुक्तीचे सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे हुतात्मा स्मारक आहे. आज गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिथून इतक्या वेगात निघतात की मागच्या सीटवरचा कुणी ‘अरे, हे काय होतं?’ म्हणेपर्यंत पेडणे आलेलं असतं.

पण तेव्हा रस्त्याने जाणारे तरी किती होते? कोकणची खरी वाट समुद्राची. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असं करत पणजीपर्यंत जायची. पाऊस लागला की बोटी बंद. आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मुंबई म्हणजे भाऊचा धक्का. त्यांच्या लेखी मुंबईचं दार पूर्वेकडच्या किनाऱ्यावर होतं आणि ते पाण्यात उघडायचं.

नंतर सतरा नंबर आला. राष्ट्रीय महामार्ग १७, पनवेल ते एडपल्ली, १२६९ किलोमीटर. आकडा नीट पाहिला तर गंमत कळते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून या रस्त्याचा साधारण निम्मा भाग होतो. उरलेला निम्मा कारवार, होन्नावर, भटकळ, उडुपी, मंगळूर, कण्णूर, कोळिकोड करत जातो. तिकडच्या लोकांनी याला मुंबई-गोवा म्हणायचं काहीच कारण नाही. आपण मात्र पत्रादेवीच्या पुढचा रस्ता खुशाल पुसून टाकलेला आहे. गोव्यात शिरल्यावर माणूस गाडी थांबवतो, चपला काढतो आणि वाळूत जातो. रस्ता तसाच काणकोण, पोळे करत कर्नाटकात निघून जातो, त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

२०१० साली दिल्लीत बसून कुणीतरी देशभरच्या महामार्गांना नवे नंबर दिले. आधीचे नंबर रस्ते जसे जाहीर झाले तसे पडत गेले होते. आता शिस्त आली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. आपला रस्ता पश्चिम किनाऱ्याचा, म्हणून सतराचा सहासष्ट झाला. एडपल्लीला जे टोक होतं तेही सुटलं. पुढचा आलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरमचा जुन्या सत्तेचाळीस नंबरचा तुकडा याला जोडला आणि रस्ता थेट कन्याकुमारीला जाऊन थांबला. पेण-नागोठण्याच्या खड्ड्यांत गाडी आपटून घेणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नव्हता. तेव्हाच्या त्याच्या चिंता वेगळ्या होत्या. आताच्याही त्याच आहेत.

रिकामे झालेले जुने नंबर कुठे गेले, हे पाहत बसणं हा माझा आवडता रिकामा उद्योग आहे. सतरा नंबर गेला पश्चिम बंगालमधल्या सेवोकला. तिथून तो गुवाहाटीपर्यंत जातो. मुंबई-आग्र्याचा तीन नंबर अटारीहून मनाली करत लेहला चढला. दिल्ली-मुंबईचा आठ नंबर त्रिपुरात शिरला. आणि सातारा, कराड, कोल्हापूर ज्याच्या जिवावर मोठे झाले तो चार नंबर? तो आता अंदमानात आहे. चिडिया टापूपासून दिगलीपूरपर्यंत. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगून बघा, तो तुमच्याकडे संशयाने बघेल. त्याचा रस्ता आता अठ्ठेचाळीस नंबरचा असून दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर करत चेन्नईला जातो. अडीच हजारांहून जास्त किलोमीटर. पूर्वी मुंबईच्या वेशीवर, ठाण्याला सुरू होऊन पुण्याकडे वळणारा रस्ता होता, आता मुंबई त्याच्या पोटात कुठेतरी आली. पण ढाब्यांवरच्या पाट्यांवर अजून ‘एनएच फोर’ टिकून आहे, आणि नाशिकचा माणूस अजून मुंबई-आग्रा रोडच म्हणतो, जरी त्या रस्त्याचे तुकडे पडून प्रत्येकाला वेगळा नंबर मिळालेला आहे.

अमेरिकेतही एक प्रसिद्ध सहासष्ट नंबर होता. १९२६चा, शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा. त्याचं पश्चिमेकडचं टोक आधी शहराच्या मध्यात होतं, १९३६ साली ते सांता मोनिकाला नेलं, पण तिथेही समुद्राच्या अलीकडे, दोन साध्या रस्त्यांच्या चौकात. लोकांना ते पटेना. एवढा लांब रस्ता आणि शेवट चौकात? १९८५ला तो नंबरच रद्द झाला, तरी २००९ साली समुद्रातल्या लाकडी धक्क्यावर ‘रस्ता इथे संपतो’ अशा अर्थाची पाटी लावण्यात आली आणि सगळे तिथेच जाऊन फोटो काढतात. मला ते लोक बरोबर वाटतात.

कारण आमच्याकडेही खरी टोकं चाकरमान्यांनी ठरवली, नंबरांनी नव्हे. एके काळी या रस्त्याचं मुंबईकडचं टोक गिरगाव, लालबाग, परळ इथे होतं. गिरण्या तिथे, खोल्या तिथे, गाववाल्यांची मंडळं तिथे. १९८२चा संप झाला, गिरण्या गेल्या, चाळी पाडून टॉवर उभे राहिले आणि ते टोक सरकत सरकत दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला गेलं. गणपतीच्या आधी एसटीच्या जादा गाड्या कुठून कुठून सुटतात ते पाहिलं की महाराष्ट्राचा पन्नास वर्षांचा इतिहास वाचल्यासारखं होतं. पळस्पे फाटा होता तिथेच आहे, पण त्याच्या अलीकडचा प्रवास विरारवाल्यासाठी केवढा तरी लांबला.

आणि २०२४च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा पूल सुरू झाल्यावर आणखी एक गंमत झाली. मोटार बाळगणारा कोकणी माणूस आता शिवडीहून समुद्रावरून निघतो. भाऊच्या धक्क्यापासून शिवडी ती कितीशी दूर! बोटवाल्या आज्यांचं मुंबईचं दार पुन्हा त्याच किनाऱ्याला आलं, टोल मात्र तेव्हा नव्हता.

नाव एका गावाचं आणि टोक दुसऱ्याच गावात, हे एवढं अंगवळणी पडलंय की नव्या रस्त्यांतही तोच खाक्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होऊन किवळ्याला संपतो. समृद्धी महामार्गाचं टोक तर आपल्या डोळ्यांदेखत चालत आलं : २०२२ला शिर्डी, मग भरवीर, मग इगतपुरी, आणि २०२५च्या जूनमध्ये भिवंडीजवळचं आमणे. नाव पहिल्या दिवसापासून नागपूर-मुंबई.

परवा नकाशा उघडून बसलो असताना लक्षात आलं की कन्याकुमारीला आमचा सहासष्ट एकटा जात नाही. श्रीनगरहून निघालेला चव्वेचाळीस नंबरही तिथेच संपतो, आणि तो येतो नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा करत. महाराष्ट्रात या दोन रस्त्यांची कुठेही गाठ पडत नाही. विदर्भाचा आणि कोकणाचा माणूस आपापल्या हायवेला लागून नाकासमोर चालत राहिला, तर पार देशाच्या टोकाला भेटणार. मला हे फार थोर वाटलं. एकदा पळस्पे ते कन्याकुमारी सगळा रस्ता सलग करायचा, असं मी घरात जाहीर केलं. कारवार, उडुपी, कोळिकोड अशी मुक्कामांची यादीही वाचून दाखवली. काकीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ता सगळा खरा, पण कणकवलेक उतारतलो कोण?”