सगळ्यांचे श्वास २०

मंगळवार, रात्री पावणेबारा

मी नर्सिंग शिकतेय. आज वॉर्डात माझी चोरी पकडली गेली. आकड्याची चोरी.

सकाळचं टीपीआर माझ्याकडे होतं. पुरुष मेडिकल वॉर्ड, १२ खाटा. टीपीआर म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. थर्मामीटर लावत गेले, नाडी मोजत गेले आणि श्वासाच्या रकान्यात सरळ २०, २०, २० लिहीत सुटले. कालच्या पानावर तेच होतं, परवाच्याही. मला वाटलं, शाळेच्या फॉर्मवर आपण 'राष्ट्रीयत्व: भारतीय' लिहितो ना, तसाच हा रकाना भरायचा असतो. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. त्यांनी चार्ट घेतला, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाराही जण एका तालात श्वास घेतायत. लेझीम चाललंय का इथे?"

मुली खुसखुसल्या. मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहेत. बाकीच्या मुलींना 'अगं' म्हणतात, मला 'तुम्ही' म्हणतात. बोलणी खाताना ते 'तुम्ही' जास्त लागतं.

मग मला सात नंबरच्या आजोबांपाशी नेलं. खाटेवरच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, पुढे वाकून बसले होते. "मोजा. पूर्ण एक मिनिट." मी त्यांच्या छातीकडे टक लावून बघायला लागले, तशी मॅडमनी माझी बोटं आजोबांच्या मनगटावर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "नाडीच मोजताय असं वाटू दे त्यांना. कोणी श्वास मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो."

हे पुस्तकात आहे. मी त्याच्याखाली लाल पेनानं रेघही मारली आहे. पण मनगट धरून, नजर मात्र सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर ठेवून उभं राहिल्यावर ते खरं समजलं. बटण वर जायचं, खाली यायचं, लगेच पुन्हा वर. गळ्याच्या खळगीत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता.

२८.

मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात. माणूस बिघडायला लागला की बहुतेक वेळा श्वास आधी बदलतो, बीपी नंतर पडतं. स्टाफ सिस्टरनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावला, नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, सुरू झाला. दुपारी आजोबा चहा मागत होते, त्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. पण मोजायच्या अर्धा तास आधी त्या माणसाच्या नावापुढे मी २० लिहिलं होतं, ते काही पुसलं जात नाही. शब्दशः जात नाही. चार्टवर खाडाखोड चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. माझी सही आहे तिथे.

रात्री ह्यांना सांगितलं. हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी आहेत. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. म्हणाले, "म्हणजे माल काट्यावर न चढवताच पावती फाडलीस."

एवढंच बोलले. पुढे जेवले निवांत. मला मात्र घास उतरेना.

बुधवार

कंटाळा आलाय, थोडक्यात लिहिते.

जीएनएमला, म्हणजे माझ्या नर्सिंगच्या कोर्सला, वयाची अट ३५ आहे. मी प्रवेश घेतला तेव्हा ३४ वर्षं ४ महिन्यांची होते. त्याआधी सहा वर्षं घणसोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसत होते. नंबर द्यायचे, फाईल काढायची, "डॉक्टर आत्ता येतील" म्हणायचं. तीन वर्षांचा कोर्स संपेल तेव्हा थोरली नववीत असेल. हा हिशेब मी रोज घालते. घालू नये, पण घालते.

वर्गात सगळ्या १८-१९ च्या. पहिल्या आठवड्यात मला काय हाक मारायची हा त्यांना प्रश्न पडला. एकीनं 'मावशी' म्हटलं. घरी ते गोडच वाटलं असतं, पण वॉर्डात मावशी म्हणजे बेडपॅन देणाऱ्या, लादी पुसणाऱ्या आया. नेमक्या त्या मावशीच 'काय गं' म्हणत वळल्या! आता मी ताई आहे.

आणि बांगड्या. वॉर्डात मनगट मोकळं लागतं. बांगड्या नाहीत, अंगठी नाही, घड्याळसुद्धा नाही, कारण त्याच्याखाली हात धुतला जात नाही. आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई) याबद्दल काही बोलत नाहीत, पण संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत बांगड्यांची पिशवी हातात देतात. सेकंदकाट्याचं घड्याळ मी ठाणे स्टेशनबाहेरून घेतलं, पट्टा काढून टाकला आणि सेफ्टी पिनेनं खिशाला अडकवलं.

थोरली सहावीत. परवा ड्रिपचं गणित सुटेना. ५०० मिली सलाईन ४ तासांत, सेट (ड्रिपची नळी) मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? मी सूत्र आठवत बसले होते. तिनं वही ओढली. "आई, आधी सगळे थेंब काढ ना. १०,०००. आता ४ तासांची मिनिटं, २४०. भाग." ४१.६६ आले. "अर्धा थेंब कसा पाडायचा?" हे तिनं विचारलं. ४२ धरायचे, हे मला माहीत होतं. तेवढीच माझी शान राहिली.

गुरुवार, पहाटे तीन

धाकट्याला ताप आहे.

संध्याकाळी दारातच आत्या म्हणाल्या, "तापलाय गं." हाताच्या मागच्या बाजूनं त्याच्या मानेला शिवून बघितलं होतं त्यांनी. "एकाच्या वर असंल." थर्मामीटर १०१.४ दाखवत होता. चाळीस वर्षांचा तो हात आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण खोकलाही होता आणि खोकल्यात हाताला काही कळत नाही.

तो झोपल्यावर बनियन वर केलं. मोबाईलचा उजेड भिंतीकडे केला. एका वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याच्या वर गेला, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. हा साडेचार वर्षांचा. घड्याळ पोटाशेजारी ठेवलं आणि मोजायला लागले.

२३ ला चुकले.

त्यानं कूस बदलली, मी "ओ ओ" करत थोपटलं, आकडा गेला. पुन्हा सुरुवात. या वेळी १७ ला त्याच्या बरगडीवरच्या जन्मखुणेकडे लक्ष गेलं आणि बाळंतपणातलं काहीतरी आठवलं. पुन्हा गेला. बारा अनोळखी माणसांचे श्वास मी मोजले नव्हते, कंटाळा म्हणून. याचे मोजता येईनात, कारण हा माझा होता. तिसऱ्यांदा ओठ हलवत, मोठ्यानं मोजले. ३४.

फासळ्यांखाली खड्डा पडत नाही. घरघर नाही. पाणी प्यायला. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात वजनावरून लिहून दिलेलं तापाचं औषध दिलंय, सकाळी त्यांना दाखवायचंच आहे.

मागे वळले तर थोरली अंथरुणात बसलेली. "काय मोजतेस?" सांगितलं. "किती आले?" ३४. "म्हणजे पास?" म्हटलं, हो, आजपुरता पास. "पूर्ण मिनिट का? तीस सेकंद मोजून दुप्पट कर ना." बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्ये थांबतो, मध्ये पळतो, म्हणून पूर्ण मिनिट. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण झोपली.

साडेपाचला उठायचंय. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण वॉर्डातल्या पोस्टिंगचे तास भरून द्यावे लागतात. हे म्हणाले, मी मार्केटला उशिरा जातो, दवाखान्यात मी नेतो. आत्या म्हणाल्या, "तू जा." त्यांच्या 'तू जा'मध्ये मला राग शोधायची सवय आहे. आज सापडला नाही, किंवा मी दमले होते.

गुरुवार, लोकलमध्ये

बसायला मिळालं. रबाळे गेलं. दिघा गाव स्टेशन झाल्यापासून ठाण्याच्या आधी एक थांबा वाढलाय, तेवढ्यात चार ओळी होतात.

सात नंबरला आधी जायचंय. मग बाकीचे अकरा. एकेक मिनिट धरलं तर बारा मिनिटं लागतात, मी हिशेब केला. बारा मिनिटांसाठी मी खोटं लिहीत होते.

आत्ताच आत्यांच्या फोनवरून थोरलीचा व्हॉइस मेसेज आला. मागे कुकरची शिट्टी. "आई, मी मोजले. ३२. तो जागा होता पण मी त्याला सांगितलं नाही, मी त्याचा हात धरून बसले. बाय, माझी बस."

सेकंदकाट्याचं घड्याळ तर माझ्या खिशाला आहे. मग मिनिट कशावर मोजलं हिनं? संध्याकाळी विचारते. ठाणे आलं.