थेंब पाचच, मात्रा पाचपट

फोंड्याच्या आमच्या फार्मसीत त्या दुपारी एक मुलगी दोन बाटल्या घेऊन आली. वडिलांना कर्करोग, त्याआधी हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन कायमचं. केमोनंतरची मळमळ आणि झोप यांसाठी वैद्यांनी विजया, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल लिहून दिलेलं, दोन वेळा पाच थेंब. दोन महिने बरं चाललं. गेले चार दिवस मात्र ते गुंगीत होते, उठताना तोल जायचा, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं.

"थेंब वाढवले का, बाय?"

"नाही हो दादा, पाचच. बाटली तेवढी नवी. हणजूणला स्वस्त मिळाली."

दोन्ही बाटल्या ३० मिलीच्या. जुनीत अर्क ७५० मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला २५. नवीत ३०००, म्हणजे मिलीला १००. ड्रॉपरही वेगळे होते. मोजपात्रात एक-एक मिली सोडून थेंब मोजले: जुन्याचे ३४, नव्याचे २५. पाच थेंबांत आधी जेमतेम पावणेचार मिलिग्रॅम जायचे, आता २०. तेलाच्या औषधाची चिठ्ठी थेंबांत लिहिली की हे होणारच. ती मिलिग्रॅममध्येच लिहायला हवी.

रक्ताचं कारण वेगळं. यकृतातली जी विकरं (एन्झाइम) वॉरफरिनला मोडतात, त्यांचं काम भांगेतले घटक मंदावतात. वॉरफरिन अंगात साठतं आणि रक्त जास्त पातळ होतं. हृदयाच्या डॉक्टरांना तेलाबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं, 'आयुर्वेदिकच तर आहे' म्हणून. नवं तेल बंद करून त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, ४.६ आला, हवा होता २ ते ३.

जुन्या लेबलवर आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, मुदत, वापरलेला भाग 'पान', आणि 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' ही सूचना इंग्रजी-हिंदीत. भांग औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने ती सूचना सक्तीची आहे. नव्या बाटलीवर यातलं काहीच नाही, नुसतं एक हिरवं पान छापलेलं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात नुसती पानं गांजात मोडत नाहीत; फुलोरा मोडतो, आणि वेगळी काढलेली राळ चरस ठरते. ते तेल कशाचं हेच कळत नसेल, तर ते घरात ठेवणाऱ्यालाही धोका. परवान्याच्या औषधातही एक उणीव राहतेच: नियम घटक, भाग आणि प्रमाण छापायला सांगतो, पण नशा आणणारं टीएचसी किती, हे वेगळं सांगायला लावत नाही. आजारी माणसाला नेमका तोच आकडा हवा असतो.

आठवड्याने आयएनआर २.७ आला. वैद्य आणि हृदयाचे डॉक्टर फोनवर बोलले, जुनंच तेल निम्म्या मात्रेने सुरू झालं, आणि पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासायचं ठरलं. मुलीला आम्ही एक मिलीची सुई नसलेली सिरिंज दिली आणि तिच्यावर ०.०७ मिलीच्या, म्हणजे जुन्या अडीच थेंबांच्या, खुणेला निळ्या पेनने रेघ मारून दिली.