ऑफर लेटरवर सही करण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात वाणिज्य पदवीधराला गावाजवळ नोकरी मिळणे किती अवघड आहे, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेबाचे काम करतो. कापसाची आवक थांबली की जिनिंग बंद होते आणि पुढचा हंगाम दिवाळीच्या सुमारास लागेपर्यंत घर शेतीवर आणि उधारीवर चालते. अशा वेळी छोटी कर्जे देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीच्या पांढरकवड्यातल्या शाखेतून फील्ड ऑफिसरच्या, म्हणजे फिरून हप्ते वसूल करणाऱ्याच्या, जागेसाठी मला निवडल्याचा फोन आला. घरी आनंद झाला, मलाही झाला.

ऑफर लेटर मात्र नीट वाचावे लागले. पगार 22,000 रुपये लिहिला होता, पण तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, होता. मूळ वेतन 12,000 धरून पीएफचे कर्मचाऱ्याचे आणि कंपनीचे असे 12 टक्क्यांचे दोन्ही हिस्से, ईएसआयसी (कर्मचारी विम्याची वर्गणी), 200 रुपये व्यवसाय कर आणि दरमहा 1,000 रुपये 'डिपॉझिट' वजा केल्यावर हाती जेमतेम 17,000 उरत होते. गाडी स्वतःची वापरायची होती. शिवाय दोन वर्षांचा बाँड, मूळ गुणपत्रिका शाखेत जमा आणि सही केलेले दोन कोरे चेक, अशा अटी होत्या.

कंपनी बनावट असावी ही माझी पहिली शंका होती. ती लवकर फिटली. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत संस्थांच्या यादीत तिचे नाव होते, आणि पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधली असता दर महिन्याचा पीएफ भरल्याच्या नोंदीही दिसल्या. नोकरी खरी होती, त्यामुळे निर्णय अधिकच कठीण झाला.

बाँडबद्दल मित्र म्हणाले, "कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर." हे अर्धेच खरे आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये, अशी अट 1872च्या करार कायद्यातील कलम 27मुळे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करण्याचा आणि मध्येच सोडल्यास वाजवी भरपाई देण्याचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवला आहे. दोन वर्षे टिकायची माझी तयारी होती, म्हणून बाँड मी मान्य करणार होतो.

चेकचे तसे नव्हते. सही करून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नव्हते हे सही करणाऱ्याला सिद्ध करावे लागते; सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. वडिलांना कलमे ठाऊक नाहीत, पण त्यांनी नेमके विचारले, "पगार देनाराले आपला कोरा चेक काहून पाहिजे?"

होकार कळवण्याआधी मी एका संध्याकाळी शाखेत जाऊन बसलो, आणि हे प्रत्येकाने करावे असे मला मनापासून वाटते. अंधार पडल्यावर एक मुलगा वसुलीवरून परतला. हेल्मेट टेबलावर ठेवून त्याने नोटा मोजल्या, रजिस्टरशी ताळा केला आणि मग स्वतःच्या फोनवरून 1,150 रुपये भरले. एका बाईला कापूस वेचणीची मजुरी मिळाली नव्हती, तिचा हप्ता थकला होता. ओडी, म्हणजे थकबाकी, दिसली की मॅनेजर रागावतो, म्हणून तो खिशातून भरत होता. त्याआधी तो रात्री आठपर्यंत तिच्या ओट्यावर बसून होता. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर फोनही करायचा नाही, आणि ठरलेल्या जागी ती लागोपाठ दोनदा आली नाही तरच वसुलीसाठी घरी जायचे आहे. तो दारात बसून होता ती बाई आमच्याच पंचक्रोशीतली होती. माझी आई आणि बायको बचत गटात आहेत. उद्या त्यांच्या ओळखीच्या दारात मला तसेच बसावे लागले असते, आणि कोऱ्या चेकचे खरे कारणही मला तिथेच कळले. वसुलीतली तूट कोणाच्या अंगावर टाकायची, याची ती सोय होती.

मी मॅनेजरना लेखी कळवले की बाँड मान्य आहे, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती देतो, चेक देणार नाही, आणि थकलेला हप्ता कर्मचाऱ्याकडून घेतला जाणार नाही हे पत्रात लिहून द्यावे. गुणपत्रिकांबाबत ते लगेच तयार झाले. चेकचा नियम मुख्य कार्यालयाचा आहे, असे उत्तर आले. हप्त्याच्या मुद्द्यावर उत्तरच आले नाही. मी नकार कळवला. सध्या एका कृषी केंद्रात 12,000 रुपयांवर हिशेब पाहतो आहे, आणि जिनिंग सुरू झाली की तिकडे परत जाईन.