पंचवीस तारांची उसनवारी

मटाराचे दिवस आले की रविवारी सकाळी शेंगांची परात माझ्यापुढे येते आणि मी लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेट, म्हणजे चार गिटारवादकांची चौकडी, लावतो. बायको त्यांना ‘तुझी चांडाळचौकडी’ म्हणते.

आधी मलाही वाटायचं, चौघांनी एकच वाद्य वाजवायचं म्हणजे चार सुगरणींनी एकच पिठलं ढवळायचं. व्हायोलिनवाल्यांच्या चौकडीत वर दोन व्हायोलिनं, मग व्हियोला, तळाला चेलो. इथे चौघंही एकाच मजल्यावर. शिवाय तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो. गजानं ओढून धरावा तसा धरता येत नाही. खर्जाची सोय म्हणून चौघांतले जॉन डिअरमन सहाऐवजी सात तारांची गिटार घेतात. म्हणजे लावायच्या तारा पंचवीस! आपल्याकडे तानपुऱ्याच्या चार तारा लागेपर्यंत लोक चहा पिऊन येतात.

बरं, वडिलार्जित काही म्हणावं तर तेही नाही. व्हायोलिनच्या चौकडीसाठी हायडन, बेथोव्हेन ढीगभर लिहून गेले. गिटारच्या चौकडीच्या वाट्याला स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोचं ‘कॉन्सिएर्तो आंदालूस’ आलं ते थेट १९६७ मध्ये, तेही गिटार वाजवणाऱ्या रोमेरो बापलेकांसाठी लिहिलेलं. वडील सेलेदोनियो आणि तीन मुलगे, चौकडी घरातच तयार! त्यातल्या पेपेंच्या हाताखाली शिकलेल्यांनी १९८० मध्ये ही लॉस एंजेलिसची मंडळी उभी केली.

मग काय, वाटी घेऊन शेजारी जायचं. बिझेकडून ‘कार्मेन’ या ऑपेराचं संगीत आणायचं, बाखकडून सहावा ब्रांडनबर्ग कॉन्चेर्तो. (मूळ रचनेत एकही व्हायोलिन नाही, त्यामुळे उसनं मागताना संकोचही नको.) पाखेलबेलचा कॅनन, म्हणजे एकच धून एकामागोमाग उचलायची रचना, सोवळ्यात सुरू होतो आणि मध्येच भलत्याच गावाला जातो. जावाचा गामेलान, म्हणजे घंटा-थाळ्यांचा वाद्यमेळ, तोसुद्धा ते गिटारीतून काढतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात काय पडलं ते बघून आलो होतो.

मला सगळ्यांत आवडतं ते स्पॅनिश संगीतकार मानुएल दे फायाचं अग्निनृत्य. सुरुवातीची खालची थरथर ऐकताना तेल तापत आलेली कढई आठवते. कोण कुठला सूर वाजवतंय हे ओळखायच्या नादात टरफलं परातीत आणि दाणे कचऱ्यात गेलेत, एकदा नाही, दोनदा.

वाजवायचं नख तुटलं, तर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवायचा, अशी गिटारवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. नखही उसनं! मी माझ्या हिरव्या पडलेल्या अंगठ्याकडे बघतो. निम्म्या शेंगा अजून तशाच आहेत.