अर्लमच्या पद्धतीने तांब्याचा एक पत्रा

लंडनमधील मुद्राचित्रणाच्या सायंवर्गात प्रत्येकाने एखाद्या जुन्या छापचित्रकाराची पद्धत स्वतः करून पाहायची होती, आणि मी अठराव्या शतकातल्या इंग्रज रिचर्ड अर्लमची निवडली. सतराव्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या क्लोद लॉरेन या निसर्गचित्रकाराने, आपल्या नावावर खोटी चित्रे खपवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून, स्वतःच्या चित्रांची रेखाटने एका वहीत करून ठेवली होती. 'लिबर व्हेरिटाटिस' या नावाने ओळखला जाणारा तो संग्रह १९५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गंमत अशी, की नकलांविरुद्धची ही वही सर्वदूर पोहोचली ती अर्लमच्या नकलांमुळे. जॉन बॉयडेल या प्रकाशकाने १७७७ साली अर्लमच्या २०० छापांचे दोन खंड काढले.

मी 'नार्सिसस आणि एको' हा विषय घेतला, कारण क्लोदचे त्यावरचे १६४४चे रंगीत चित्र नॅशनल गॅलरीत हवे तेव्हा पाहता येत होते. कथा ग्रीक पुराणातली असली, तरी पात्रे एवढीशी आणि झाडे, पाणी व दूरचा प्रकाश हेच खरे चित्र.

क्लोदच्या रेखाटनात लेखणीची रेषा आणि तिच्यावर तपकिरी शाईचे पातळ हात असतात. अर्लमने रेषेसाठी एचिंग, म्हणजे आम्लाने रेषा खोदणे, आणि पातळ हातांसाठी मेझोटिंट, म्हणजे पत्रा खरबरीत करून त्यातून छटा काढणे, वापरले आणि तपकिरी शाईत छापले. मीही रेखाटन उलटे करून तांब्याच्या पत्र्यावर उतरवले, आम्लात रेषा खोदल्या आणि मग पत्रा खरबरीत करणारे दातेरी हत्यार, म्हणजे रॉकर, आडवा, उभा, तिरपा असा सगळ्या पत्र्यावर फिरवत राहिले. मनगट तीन दिवस दुखत होते. एवढे करून पहिला पत्रा वाया गेला, कारण रेषा उथळ खोदल्या गेल्या होत्या आणि रॉकरच्या खरबरीतपणात त्या दिसेनाशाच झाल्या. दुसऱ्या वेळी आम्लात पत्रा जास्त वेळ ठेवला.

खरी अडचण त्यानंतर कळली. कागदावर चित्रकार उजेडातून अंधाराकडे जातो, कोरा कागद हाच त्याचा प्रकाश. मेझोटिंटमध्ये मात्र खरबरीत पत्रा सगळीकडे शाई धरतो, म्हणजे आधी सगळा काळाच छापला जातो, आणि उजेड खरवडून, घासून बाहेर काढावा लागतो. म्हणजे क्लोदने ज्या आकाशाला हातही लावला नव्हता, तिथेच मला सर्वांत जास्त राबावे लागले. शिवाय शाईच्या ओल्या हाताला वाळल्यावर जी करकरीत कड येते, ती या पद्धतीत साधत नाही. सगळे मखमलीसारखे मऊ होते. अर्लमचे छाप पाहताना हा मऊपणा मला क्लोदचाच वाटला होता. आता तो अर्धा तरी रॉकरचा आहे, असे माझे मत झाले आहे.

ओलसर कागदावर चौथा छाप काढला तेव्हा झाडांखालची सावली मनासारखी उतरली, पण आकाश अजूनही मळकट होते. शिक्षिकांनी काही न बोलता बर्निशर, पत्रा घासून गुळगुळीत करायचे हत्यार, माझ्या हातात दिला.