तुम्ही विचारलंत म्हणून : तो जुना हल्क धरायचा की नाही?

लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारून झालं, परवा तर डेंटिस्टकडे तोंडात कापूस असताना त्यांच्या असिस्टंटने विचारलं. "ताई, मार्व्हलचे सगळे सुपरहिरो सिनेमे ओळीने बघायला घेतलेत. तो 2008 चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ बघायलाच हवा का? सोडला तरी चालतो म्हणतात."

‘म्हणतात’ हा जो कोणी आहे ना, त्याला मला एकदा भेटायचंय.

‘आयर्न मॅन’नंतर जेमतेम सहा आठवड्यांनी आलेला, म्हणजे अख्ख्या मालिकेतला दुसरा सिनेमा हा. पण वितरण युनिव्हर्सल या दुसऱ्याच कंपनीचं, एडवर्ड नॉर्टन एकदाच हल्क (म्हणजे चिडला की हिरवा राक्षस होणारा शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर) झाला आणि 2012 च्या ‘द अव्हेंजर्स’मध्ये त्याच्या जागी मार्क रफलो उभा. तेव्हापासून या सिनेमाची अवस्था घरातल्या त्या काकांसारखी झाली, ज्यांचा फोटो भिंतीवर आहे पण विषय कोणी काढत नाही.

आता तुम्ही काढण्याआधी मीच काढते : 2012 मध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला होता. "हा माझा हल्क नाही, या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही," असं मी थिएटरच्या जिन्यात उभं राहून सांगत होते. म्हणजे आज जे लोक तो सिनेमा वगळा म्हणतात, त्यांचाच मुद्दा. पुढे रफलो आवडायला लागला आणि मी दोघांना एकच माणूस मानायला लागले. सोयीने बाजू बदलली म्हणायचं असेल तर म्हणा.

खरं भांडण झालं 2019 च्या एप्रिलमध्ये. ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ यायचा होता, आणि त्याआधी सगळे पुन्हा बघायचे म्हणून आम्ही कॉलेजचे लोक डोंबिवलीला एका मित्राकडे शनिवार-रविवार जमत होतो. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. एकवीस सिनेमे, कोण कुठला आणणार, वडापाव कोणाकडे. दुसऱ्या ओळीत हल्क होता, राखाडी रंगात, आणि शेजारच्या रकान्यात शब्द होता : ‘ऐच्छिक’.

मी विचारलं, ‘थॉर : द डार्क वर्ल्ड’ ऐच्छिक नाही आणि हा आहे? तो म्हणाला, त्यात इन्फिनिटी स्टोन आहे, म्हणजे ज्यांच्याभोवती ‘एंडगेम’पर्यंतची गोष्ट फिरते त्या शक्तिशाली खड्यांपैकी एक, यात एकही नाही. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच लागला. मी म्हटलं, बॅनरला स्वतःचा किती तिटकारा होता हे यातच कळतं, नाहीतर पुढे तो हल्कशी जुळवून घेतो त्याला वजन काय? तो म्हणाला, ते ‘अव्हेंजर्स’मध्ये तो स्वतः सांगतो की, तोंडात गोळी झाडून घेतली आणि हल्कने ती थुंकून टाकली. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. बॅनर बर्फात जाऊन जीव द्यायला निघतो, असा सीन 2008 च्याच सिनेमासाठी चित्रित झालेला आहे! फक्त तो नंतर कापला.

तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे सिनेमात नसलेल्या सीनसाठी आम्ही सिनेमा बघायचा?"

सगळे हसले. हसू मलाही आलं असतं, पण तो थांबला नाही. "तू सिनेमा बघतेस की हजेरी घेतेस गं?"

मी पर्स उचलली. ठाण्यापर्यंत लोकलच्या दारात उभी राहून मनातल्या मनात उत्तरं दिली, एकाहून एक सरस. एकही पाठवलं नाही. ‘एंडगेम’ मी बहिणीबरोबर बघितला, तिला ना हल्कशी देणंघेणं ना कोणाशी.

हजेरी घेते, मग? ही सवय लावली कोणी? बारमध्ये हल्कच्या मागे लागलेल्या जनरल रॉससमोर टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, आणून उभा केला तो याच सिनेमाच्या शेवटी. नावं पुकारायला त्यांनीच शिकवलं आणि आम्ही पुकारली की आम्ही वेडे.

आणि तरीही मला या सिनेमातलं जे आवडतं ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही. बॅनरच्या मनगटावर नाडी मोजणारं यंत्र आहे. इतक्या वर्षांनी बेटी, त्याची प्रेयसी आणि रॉसची मुलगी, भेटते, दोघं जवळ येतात आणि ते यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागतं. आकडा चढत जातो, त्याला मागे सरावं लागतं. पुढच्या एकाही सिनेमात या प्रसंगाचं काही होत नाही. स्टोन नाही, दुवा नाही. एक माणूस आपल्या बाईला मिठी मारू शकत नाही, एवढंच.

मग 2025 च्या फेब्रुवारीत ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आला. 2008 मध्ये बॅनरचं रक्त ज्याच्या जखमेत ठिबकलं आणि डोकं फुगायला लागलं, तो शास्त्रज्ञ सॅम्युएल स्टर्न्स सतरा वर्षांनी परत. रॉस परत, विल्यम हर्ट गेल्यामुळे आता हॅरिसन फोर्डच्या रूपात. बेटी परत, लिव्ह टायलरच. अभिनंदनाचे मेसेज आले मला, जणू माझी केस सुप्रीम कोर्टात जिंकली. थिएटरात स्टर्न्स दिसल्यावर मी पडदा सोडून आजूबाजूला पाहत होते, कोणी ओळखलं, कोणी नाही. डोंबिवलीचं ते वाक्य तिथेच आठवलं आणि पॉपकॉर्न कडू लागलं.

आता प्रश्न असा येतो : "नवा बघण्याआधी तो जुना करून टाकू का?" करून टाकू! यापेक्षा ‘सोडला तरी चालतो’ परवडलं. आता ऐकूनच घ्या : नव्यासाठी बघणार असाल तर नका बघू. कुणी सांगितलं नसतानाही बघावासा वाटला तर बघा. हे उत्तर कोणाच्या उपयोगाचं नाही, माहीत आहे मला.

डोंबिवलीच्या मित्राचाही मेसेज आला मध्यंतरी, बऱ्याच काळाने. त्या स्टर्न्सची मागची भानगड काय आहे, कुठल्या सिनेमात आहे?

मी लिहिलं, "ऐच्छिक आहे." बघितला की नाही, ते त्याने अजून कळवलेलं नाही.