तुम्ही विचारलंत म्हणून: डिकोडर आहे, मग मोर्स शिकायचा कशाला?

मोर्स म्हणजे छोट्या-लांब आवाजांतून अक्षरं पाठवायची पद्धत, आणि ते आवाज ओळखून पडद्यावर अक्षरं दाखवणारी माझी डबी म्हणजे मोर्स डिकोडर. तो पाहिला की बहुतेकांचा हाच प्रश्न असतो. यंत्र अक्षरं वाचून दाखवतंय, तर कानाने शिकायचा खटाटोप कशाला? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डबीत फारसं काही नाही. एक आर्डुइनो (प्रोग्राम चालवणारा छोटा सर्किट बोर्ड), दोन ओळींचा एलसीडी पडदा, बझर आणि मोर्स की, म्हणजे दाबून संदेश पाठवायची कळ, जोडायला सॉकेट. की दाबलेली किती वेळ आणि सुटलेली किती वेळ, एवढंच प्रोग्राम मोजतो. सगळा हिशोब डिटच्या, म्हणजे टिंबाच्या छोट्या आवाजाच्या, लांबीवर चालतो. डा, म्हणजे रेघेचा लांब आवाज, तीन डिटइतका. अक्षराच्या आतली फट एक डिटची, दोन अक्षरांमधली तीनची, दोन शब्दांमधली सातची. मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाला एक डिट 60 मिलिसेकंदांचा भरतो. की दोन डिटपेक्षा कमी वेळ दाबली तर डिट, जास्त वेळ दाबली तर डा. दाबताना कीचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, ते झटके गाळले नाहीत तर पडद्यावर नुसती ‘ई’ची रांग लागते, कारण एकटा डिट म्हणजे ‘ई’.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ती शांतता. अक्षर कुठे संपलं हे न वाजलेल्या वेळेवरूनच ओळखायचं, आणि हाताने पाठवणारा माणूस काही मोजून तीन डिट थांबत नाही. त्याचा वेगही मधेच बदलतो. म्हणून डिटची लांबी प्रोग्रामला सतत नव्याने ठरवावी लागते. हा कोड लिहिताना माझ्या लक्षात आलं की कानाला नेमकं हेच शिकायचं असतं. टिंब-रेघांचा तक्ता पाठ केलेला माणूस ऐकतो, मोजतो, तक्ता आठवतो, आणि तेवढ्यात पुढची दोन अक्षरं निघून जातात.

लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात यावर उपाय सांगितला होता. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग ठेवायचा, पण अक्षरं दोनच. ती 90 टक्के बरोबर आली की तिसरं घ्यायचं. मी डिकोडरमध्ये हाच सराव घातलाय. बझर वाजतो, मी कागदावर उतरवते, आणि पडदा शेवटपर्यंत कोरा राहतो.

स्वतःचा हात तपासायला तर ही डबी फारच उपयोगी. ‘सी’ म्हणजे डा-डिट-डा-डिट. मधली फट जराशी लांबली की पडद्यावर ‘एन एन’ उमटतं, कारण डा-डिट म्हणजे ‘एन’. शेजारी ती फट किती मिलिसेकंदांची होती तेही दिसतं, त्यामुळे काय सुधारायचं ते लगेच कळतं. इतका काटेकोर शिक्षक मला दुसरा मिळाला नसता.

पण रेडिओवर सिग्नल क्षीण झाला, गोंगाट वाढला किंवा दोन स्टेशनं जवळजवळ आली की माझा डिकोडर भलतीच अक्षरं दाखवू लागतो. मुरलेला कान अशा वेळीही त्यातला एक सूर धरून पुढे जातो. मला तो कान हवाय.

तुम्हाला बनवायचा असेल, तर आधी बझर जोडा. डिस्प्ले मागाहून आणला तरी चालेल.